देव्हाऱ्यातला अर्ज

लग्नाला तीन आठवडे झाले असतील, तेव्हा सासूबाईंनी सेतू केंद्रातून एक अर्ज आणला आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पाठीमागे उभा करून ठेवला. राजपत्रात नाव बदलून घेण्याचा अर्ज होता तो. वरच्या ओळीत माझं जुनं नाव, खालच्या ओळीत नवं. दोन्ही त्यांनी केंद्रातल्या मुलीकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतली होती, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोटही लावलं होतं. राहिली होती ती फक्त सही. सवड झाली की कर, एवढंच म्हणाल्या आणि वालाच्या शेंगा सोलायला बसल्या.

मी अर्ज हातात घेऊन वाचला. पहिलं नाव बदललं होतं, मधलं वडिलांचं होतं तिथे नवऱ्याचं आलं होतं, आडनाव तर जाणारच होतं. त्या अर्जाप्रमाणे माझी जन्मतारीख तेवढी बचावली होती.

यात सासूबाईंनी काही चोरून केलं असं नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, तो कार्यक्रम आमच्याकडेही झाला होता. नाव त्यांनी ठरवलेलं, नवऱ्याने ते निमूटपणे लिहिलं, फोटो निघाले, पेढे वाटले गेले. मला वाटलं, झालं. तांदूळ संध्याकाळी कुणाच्या तरी डब्यात गेले असतील, त्यांच्याबरोबर नावही गेलं. तांदळावरचं कागदावर येणार आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मी स्वतःला फार हुशार समजत असे.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. माहेर डहाणूचं, वडील रेल्वेत. सायवनच्या पुढे एका पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवत होते. लग्न करून तलासरीला आले. नवरा तिथल्याच एका कचेरीत नोकरीला, घरात तो आणि त्याची आई, एवढंच कुटुंब. सासरे फार पूर्वी गेलेले. सासूबाईंचं माहेर सीमेपलीकडे, उंबरगावच्या बाजूला, त्यामुळे त्यांच्या मराठीत गुजराती मिसळलेली असे. मला, म्हणजे सुनेला, त्या कौतुकाने वहू म्हणत, आणि काही पटलं की "सारू" म्हणून मान हलवत. भांडायचा त्यांचा स्वभावच नव्हता. भांडणाऱ्या सासूला तोंड द्यायची तयारी मी करून आले होते, या न भांडणाऱ्या सासूपुढे माझी पंचाईत झाली.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तुला हवं ते कर. हे वाक्य ऐकायला फार उदार वाटतं. पण ते म्हणणारा माणूस मदत करत नसतो, तो बाजूला होऊन उभा राहतो. मग आईला तसं सांग, असं मी म्हटल्यावर त्याला एकदम दुचाकीत हवा भरायची आठवण झाली.

रविवारी डहाणूला गेले तेव्हा वडिलांपुढे विषय काढला. मला वाटत होतं, आपलं नाव लेकीने सोडू नये असं त्यांना आतून वाटत असेल, फक्त बोलत नसतील. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, बदलून टाक, रीत आहे, उगाच नव्या घरात वाद कशाला. ज्याचं नाव वाचवायला मी निघाले होते तोच म्हणत होता, सोड. मी चहा अर्धा ठेवून निघाले. असले राग मला फार येत आणि फार वेळ टिकत.

खरं सांगायचं तर नावावर माझं काही जगावेगळं प्रेम नव्हतं. साधंच नाव, वर्गात त्या नावाच्या तीन मुली असायच्या. पण ते माझ्या डी.एड.च्या प्रमाणपत्रावर होतं, नेमणुकीच्या पत्रावर होतं, शाळेच्या हजेरीपत्रकावर महिन्याच्या महिन्याला माझ्या हातून उमटत होतं. आणि राग नाव जाण्याचा तेवढा नव्हता, न विचारता जाण्याचा होता. तीन शब्द बदलायचे तर ज्या बाईचे ते आहेत तिला एका शब्दाने विचारू नये, हे मला सहन होत नव्हतं. बसमध्ये, जीपमध्ये, शाळेत फळा पुसताना मी मनातल्या मनात हेच भाषण करत असे, आणि भाषण दिवसेंदिवस चांगलं होत चाललं होतं.

सही केली नाही तर सासूबाई एका शब्दाने बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्या दुखावल्या जाणार हेही माहीत होतं. सही केली तर मी त्यांना जन्मभर माफ करणार नव्हते. यातून तिसरी वाट दिसत नव्हती. दिवाळीच्या आत शिधापत्रिकेत माझं नाव चढवायचं होतं, तोवर हा अर्ज मार्गी लागावा एवढी त्यांची अपेक्षा होती. रोज संध्याकाळी त्या दिवा लावत, बाळकृष्णाला फूल वाहत, आणि एखादी पाकळी अर्जावरही पडत असे. मी नमस्काराला उभी राहिले की देवाबरोबर अर्जालाही हात जोडले जात. नोकरी करणारी सून म्हणून त्या मला सकाळी डबा भरून देत, त्यात सुक्या बोंबलाची चटणी माझ्या आवडीची म्हणून वेगळ्या डबीत असे. अशा बाईवर रागावून राहणं सोपं नसतं.

तलासरीहून हायवेने चारोटी, तिथून कासा, कासाहून जीपने सायवन आणि पुढे चालत, असा माझा रोजचा प्रवास. त्या पावसाळ्यात शाळेत आदेश आला की प्रत्येक मुलाचं बँकेत खातं काढायचं, आणि ते आईच्या नावाला जोडून काढायचं. अर्ज आम्ही शिक्षकांनी भरायचे, बाकीची कागदपत्रं घेऊन आयांनी कासाला बँकेत जायचं. मी माझं पालक रजिस्टर काढलं, दोन दिवस दुपारी बसून सगळे अर्ज भरले आणि मुलांच्या हाती घरी पाठवले. काम वेळेआधी झालं म्हणून मुख्याध्यापकांनी कौतुकही केलं.

पुढच्या आठवड्यात दुसरीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. कडेवर धाकटं, हातात माझा अर्ज, घडी घालून घालून मऊ पडलेला. ती आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली होती. दोनदा जीपने कासाला जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा बँकेने तिला परत पाठवलं होतं. आवणीचे, भातलावणीचे दिवस, त्यात दोन दिवस फुकट गेले होते. पण ती चिडलेली दिसत नव्हती. तिने अर्ज माझ्या टेबलावर पसरला आणि आईच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, ही कोण?"

मी वाचलं आणि म्हटलं, "तूच की."

"मी नाय. या नावाची बाय आमचे पाड्यात नाय."

मी पुन्हा वाचलं. पहिलं नाव तिचंच होतं. पुढे मी तिच्या नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावलं होतं. मी तिला विचारलं, नवऱ्याचं नाव लावत नाहीस का. पहिलीतल्या मुलाने फळ्याकडे पाठ करून बसावं आणि मी त्याच्याकडे पाहावं, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"लगीन नाय झाला आमचा आजून. होल तवा होल. पण झाला तरी माझा बापूस बदलेल का?" आणि मग, तक्रार न करता, नुसतं सांगावं तसं म्हणाली, "तू मना इचारलाच नाय."

पाड्यावर सगळ्यांनाच तू म्हणतात, देवालाही आणि बाईंनाही. त्या तू मध्ये अपमान नव्हता. पण मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती. आमच्या भागात पाड्यांवर जोडपी आधी संसार मांडतात आणि लग्न सवडीने करतात. कधी मुलं शाळेत जायला लागल्यावर, कधी तर मुलाच्याच मांडवात आईबापाचंही उरकून घेतात. मग धवलेरी येते, लग्न लावणारी म्हातारी, आणि रात्रभर गाणी म्हणून दोघांना नवराबायको करते. अशा दोन लग्नांना मी स्वतः गेले होते, जेवले होते, नवरीच्या मांडीवर तिचाच मुलगा झोपलेला पाहिला होता. तरी अर्ज भरताना माझ्या हाताने काय केलं? मुलीच्या नावातून बापाचं नाव उचललं आणि आईच्या नावापुढे चिकटवलं. तिच्या कार्डावर तिच्या बापाचं नाव होतं, ते बघितलं नाही, तिला निरोप पाठवला नाही. लिहून मोकळी झाले.

ती गेल्यावर मी पालक रजिस्टर उघडलं. सहा वर्षांचं रजिस्टर, सगळं माझ्या अक्षरात. पानामागून पान, ओळीमागून ओळ, प्रत्येक आईच्या नावापुढे तिच्या नवऱ्याचं नाव. एकीलाही मी विचारलेलं नव्हतं. लग्न झालेल्या, न झालेल्या, नवऱ्याने सोडलेल्या, नवऱ्याला सोडलेल्या, सगळ्यांची नावं मी खुर्चीत बसून बदलून टाकली होती. देव्हाऱ्यातल्या एका अर्जावरून मी महिनाभर जळत होते आणि माझ्या टेबलाच्या खणात असे किती अर्ज पडले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, हे मी चौथीच्या मुलांना दरवर्षी वाक्यात उपयोग करायला देते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

मग पंधरा दिवस शाळा सुटली की मी रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाडे फिरले. अंगणात उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, तुमचं नाव काय लिहू. अगं-तुगं करायची माझी सवय त्या पंधरा दिवसांत मोडली. मला वाटलं होतं सगळ्या जणी बापाचं नाव सांगतील आणि माझ्या भाषणाला बळ येईल. तसं झालं नाही. पुष्कळ जणींनी बापाचं सांगितलं, पण काही जणींना नवऱ्याचंच हवं होतं. एक बाई तर बापाचं नाव काढताच ताडकन म्हणाली की त्याचं नाव माझ्या पोराच्या कागदावर नको, आणि चूल फुंकायला लागली. एका आजीबाईंनी मला बसवून घेतलं, भाजलेलं कणीस दिलं आणि नावाचं तुझं तू बघ म्हणून मोकळ्या झाल्या. प्रत्येकीकडे तिचं तिचं कारण होतं. मी खोडून खोडून सगळं पुन्हा लिहिलं.

शेवटच्या दिवशी जीप उशिरा मिळाली. चारोटीला बसची वाट बघत उभी असताना माझ्या लक्षात आलं की एका बाईला मी अजून विचारलेलंच नाही. तीही माझ्यासारखीच कुठून तरी आली होती, तिच्याही नावाने कुणीतरी तांदळात अंगठी फिरवली होती, आणि घरात येऊन दोन-अडीच महिने झाले तरी तिचं माहेरचं नाव काय हे मला माहीत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा सासूबाई ओट्यावर नागलीचं पीठ चाळत होत्या. मी हातपाय धुऊन त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल आणि मग माझं काम सोपं होईल. त्या हसल्या. म्हणाल्या, ते नाव माझं नव्हतंच. त्यांच्याआधी त्यांच्या आईला एक मुलगी होऊन, दोन वर्षांची होऊन वारली होती. तिचंच नाव यांना ठेवलं. तिची झबली यांना, तिचा पाळणा यांना, नावही तिचंच. आई हाक मारायची तेव्हा कधीकधी यांच्याकडे बघून मारायची नाही, असं त्या म्हणाल्या. सांगताना चाळणी थांबली नाही.

"या घरात आले तेव्हा तांदळात नवं नाव लिहिलं. पहिल्यांदा काहीतरी कोरं मिळालं मला."

मग थोड्या वेळाने, पीठ डब्यात भरता भरता त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. माझ्यासाठी ठरवलेलं नाव त्यांनी कुठून पंचांगातून काढलेलं नव्हतं. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून ते जपून ठेवलेलं होतं. मुलगी झाली नाही. एक मुलगा झाला आणि मग सासरे गेले.

महिनाभर घोटून तयार केलेलं भाषण होतं, त्यातलं एक वाक्यही उपयोगाचं राहिलं नाही. मला जे ओरबाडून घेणं वाटत होतं ते त्यांच्या बाजूने देणं होतं, आणि तेही घरातलं सगळ्यात चांगलं असेल ते. तरीही सही करावीशी वाटेना. हे मला तेव्हा फार निर्दय वाटलं, आजही थोडं वाटतं. पण त्यांचं दुःख खरं होतं म्हणून माझं नाव खोटं ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेताना मी त्यांना सरळ सांगितलं. कागदावर मी माझंच नाव ठेवणार, तिन्ही शब्द. सही करणार नाही. तुम्ही घरात मला तुमच्या नावाने हाक मारा, मी त्या नावाने तुमची आहे. नवरा दारात बूट घालत होता. तो एका बुटातच उभा राहिला आणि म्हणाला, आई, मलाही तेच बरं वाटतं. उशिरा का होईना, बोलला.

सासूबाई "सारू" म्हणाल्या नाहीत. चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. डबा येत होता, चटणीची डबीही येत होती, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी दोनदा डगमगले. तिसऱ्या संध्याकाळी तर पेन घेऊन देव्हाऱ्यापर्यंत गेलेही होते. पाचव्या दिवशी घरी आले तर बाळकृष्णाच्या मागे अर्ज नव्हता. तो त्यांनी कपाटातल्या कागदपत्रांच्या पिशवीत घालून ठेवला होता. फाडला का नाही, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की सरकारी कागद फाडू नये. विवाहाच्या दाखल्यावरून शिधापत्रिकेत माझं नाव चढलं, आहे तसंच. तिथल्या कारकुनाने, सुनेचं आडनाव वेगळं कसं, असं विचारलं.

"वहू आमची आहे, नाव तिच्या बापाचं आहे," सासूबाईंनी सांगितलं. "लिही."

त्या दिवसापासून त्यांनी मला वहू म्हणणं सोडलं आणि त्यांनी जपलेल्या नावाने हाक मारायला लागल्या. पुढची दहा-बारा वर्षं मी दोन नावांनी जगले. शाळेत, बँकेत, नवऱ्याच्या तोंडी, माहेरी एक. स्वयंपाकघरातून येणारं दुसरं. ते दुसरं नाव दुसऱ्या कुणी वापरत नसे. शेजारच्या बायका मला बाई म्हणत, मुलीला मी आई. सासूबाई मात्र गल्लीच्या टोकाला मी दिसले की ओसरीतून त्या नावाने मोठ्याने हाक मारत, भाजीवाल्याला थांबवायला, पाऊस आला म्हणून कपडे काढायला, काही काम नसताना नुसतीच. मुलगी झाली तेव्हा ते नाव तिला ठेवूया का, असं मी विचारलं होतं. नको म्हणाल्या. ते दिलेलं आहे, तिला तिचं नवं काढू. आणि मग बारशाला नाव काय ठेवायचं हे त्यांनी सगळ्यांत आधी मला विचारलं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. फार दुखणं नव्हतं, चार दिवस ताप आणि मग एका सकाळी झोपेतच. दिवसकार्य झालं, पाहुणे उंबरगावला परत गेले, शाळा सुरू झाली. मृत्यूच्या दाखल्यासाठी पिशवी उघडली तर तो अर्ज निघाला, सहीची जागा कोरी. तो मी ठेवून दिला, कारण ते नाव लिहिलेला जगात तेवढाच एक कागद आहे. माझं कागदावरचं नाव मी राखलं याचा मला पश्चात्ताप नाही. पण मी वाचवलेलं नाव सगळीकडे आहे, आणि त्यांनी दिलेलं फक्त त्यांच्या तोंडी होतं.

एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, तू मारून बघ ना त्या नावाने हाक. तो जरा संकोचला, मग ओसरीत जाऊन त्याने ती मारली, अगदी आईच्या चालीत. मी स्वयंपाकघरात उभी होते. ते दुसऱ्याच कुणाचं तरी नाव वाटलं. मला ओ देता आली नाही.